दुसरं घर घेऊ नकोस

इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांचे विषय मुक्कामाच्या वर्षांप्रमाणे बदलत जातात, हे एव्हाना माझ्या लक्षात आलंय. पहिली दोन वर्षं व्हिसा आणि कोथिंबिरीची जुडी स्वस्त कुठे मिळते. मग आयएलआर. मग शाळांचे कॅचमेंट एरिया. आणि एकदा का राहत्या घराचा हप्ता अंगवळणी पडला की उरलेली सगळी वर्षं एकच विषय. प्रॉपर्टी!

गेल्या गणपतीत एका मित्राकडे जमलो होतो. आरती झाली, उकडीचे मोदक झाले (फ्रोझन खोबऱ्याचे, पण तक्रार नाही), आणि बापई मंडळी कॉन्झर्व्हेटरीत जाऊन टेकली. पुण्याहून चार वर्षांपूर्वी आलेला एक तरुण माझ्या शेजारी बसला. चांगला हुशार, चांगल्या नोकरीत, नुकतंच पहिलं घर घेतलेला. म्हणाला, "काका, बाय-टू-लेटमध्ये सुरुवात कशी करायची? तुम्ही केलंय ना? सगळे म्हणाले काकांना विचार."

मी म्हटलं, "करू नकोस."

एकदम शांतता. मग कोणीतरी म्हणालं, "वा! स्वतः दोन-दोन घरं केली आणि आता पोरांना ब्रह्मज्ञान!" सगळे हसले, मीही हसलो, आणि विषय क्रिकेटकडे वळला.

पण टोमणा बरोबर होता. मी दोन घरं केली. एकात बुडालो आणि एकात कमावलं. बुडालो त्याचं दुःख आता राहिलेलं नाही. कमावलं त्याचंच जास्त वाटतं. त्या पोराला दोन शब्दांत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी हिशोब, कारण आपण इंजिनियर लोक. नीतीच्या गोष्टी सांगितल्या की आपण मान डोलावतो आणि एक्सेल उघडतो. तेव्हा एक्सेलच उघडू.

समजा, इंग्लंडमध्ये अडीच लाख पौंडांचं एक दोन बेडरूमचं घर तू भाड्याने द्यायला घेतलंस. पंचवीस टक्के डिपॉझिट म्हणजे ६२,५०० पौंड. हे तुझं दुसरं घर, म्हणून स्टॅम्प ड्युटीवर अधिभार. तो २०१६ च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा ३ टक्के होता, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के झाला. नेहमीची ड्युटी धरून १५,००० पौंड, जे परत कधीच दिसणार नाहीत. वकील, सर्व्हे वगैरे वेगळं. म्हणजे किल्ली हातात यायच्या आधी जवळजवळ ऐंशी हजार गेले.

आता वर्षाचा जमाखर्च मांडू. कर्ज १,८७,५००, फक्त व्याज भरायचं, दर ५ टक्के धरू.

भाडं महिना १,३०० प्रमाणे: १५,६००
एजंट (व्हॅटसकट १२ टक्के): १,८७२
दुरुस्त्या, विमा, सर्टिफिकिटं, रिकामे आठवडे: २,००० (हे कमीच धरलंय)
बँकेचं व्याज: ९,३७५
हातात उरले: २,३५३

ऐंशी हजार गुंतवून तेवीसशे. पण थांब, अजून टॅक्स आहे. जॉर्ज ऑस्बर्न यांनी जुलै २०१५ च्या बजेटमध्ये एक बारीकसा बदल जाहीर केला. एप्रिल २०१७ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि एप्रिल २०२० मध्ये पूर्ण झाला. त्याआधी घरमालक भाड्यातून व्याज वजा करून उरलेल्यावर टॅक्स भरायचा. आता व्याज वजा होत नाही. टॅक्स भरायचा तो व्याजाआधीच्या रकमेवर, आणि मग व्याजाच्या २० टक्के सूट मिळते. तू चाळीस टक्क्यांच्या पट्ट्यात आहेस. ११,७२८ वर ४० टक्के म्हणजे ४,६९१. त्यातून सूट १,८७५. भरायचे २,८१६.

मिळाले २,३५३, टॅक्स २,८१६. म्हणजे दरवर्षी पदरचे साडेचारशे पौंड घालून तू दुसऱ्याच्या गळक्या नळाची जबाबदारी घेतलीस. शिवाय नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये घरभाड्याच्या उत्पन्नावरचे दर एप्रिल २०२७ पासून आणखी दोन टक्क्यांनी वाढवायचं जाहीर झालंय.

इथे कोपऱ्यातले एक हुशार काका हमखास म्हणतात, "अरे, लिमिटेड कंपनी काढ ना! कंपनीला व्याज पूर्ण वजा होतं." बरोबर आहे. पण कंपनीला मिळणाऱ्या कर्जाचा दर सहसा जास्त असतो, वर्षाचा अकाउंटंट येतो, कॉर्पोरेशन टॅक्स येतो, आणि पैसा कंपनीतून स्वतःच्या खिशात आणताना डिव्हिडंडवर पुन्हा टॅक्स. आधीच नावावर असलेलं घर कंपनीकडे द्यायचं तर कायद्याच्या नजरेत ती विक्रीच. तेव्हा पुन्हा स्टॅम्प ड्युटी, पुन्हा कॅपिटल गेन्स. ज्यांची वीस घरं आहेत त्यांना हे परवडतं. एका घरासाठी कंपनी काढणं म्हणजे एका उकडलेल्या अंड्यासाठी हॉटेल टाकणं.

मग लोक हे का करतात? कारण भाड्यासाठी कोणी घर घेतच नाही. सगळ्यांचा डोळा किमतीवर असतो. "जमीन वाढतेच रे!" हे वाक्य आपण पुण्याहून सामानात बांधून आणलेलं असतं. कोणाच्या तरी काकांनी कोथरूडला अमुक साली कवडीमोलाने घेतलेला फ्लॅट आज कुठल्या कुठे गेला, ही कथा प्रत्येक घरात आहे. ज्याच्या बिल्डरने पैसे घेऊन खड्डा खणून ठेवला, त्या काकांची कथा मात्र कोणी मोदक खाताना सांगत नाही.

इथली कथा ऐक. ऑक्टोबर १९८९ मध्ये या देशात व्याजदर १५ टक्के होता. मग घरांचे भाव पडले. एकट्या १९९१ साली पंचाहत्तर हजारांवर घरं बँकांनी जप्त केली. 'निगेटिव्ह इक्विटी' हा शब्द, म्हणजे घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त, तेव्हा इथे घराघरात पोहोचला. पुढे सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉकच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या, आणि वर्षभराने, सप्टेंबर २००८ मध्ये, बाय-टू-लेटच्या कर्जांसाठी प्रसिद्ध असलेली ब्रॅडफर्ड अँड बिंगली सरकारला ताब्यात घ्यावी लागली. देशभरातले भाव सरासरीने वीसेक टक्के उतरले. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये तर निम्म्याहून खाली गेले.

वरच्या उदाहरणात भाव वीस टक्के उतरला तर पन्नास हजार गेले. तुझं डिपॉझिट ६२,५००, त्यातले उरले साडेबारा. घराचा पाचवा भाग गेला आणि तुझे चार पंचमांश गेले. कर्ज काढून एकाच रस्त्यावरच्या एकाच घरावर सगळा पैसा लावणं, याला आपण ऑफिसात काय म्हणतो? सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. डिझाइन रिव्ह्यूमध्ये असलं काही दिसलं तर आपण समोरच्याला फाडून खाऊ. घरी मात्र त्यालाच 'सेफ' म्हणतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००६ साली हीथ्रोजवळच्या एका हॉटेलात मी एका सेमिनारला गेलो होतो. फुकट कॉफी, फुकट फोल्डर, स्टेजवर टायमधला एक माणूस. त्याने विचारलं, "तुम्ही पैशासाठी काम करता की पैसा तुमच्यासाठी?" शेजारी बसलेले निम्मे लोक देशी. आयटीवाले, डॉक्टर, फार्मसिस्ट. लीड्समध्ये न बांधलेल्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. किंमत १,६५,०००, पण 'तुमच्यासाठी' पंधरा टक्के सूट, आणि ती सूटच डिपॉझिट म्हणून दाखवायची! खिशातून जवळजवळ काही नाही. मी लीड्सला आयुष्यात एकदाच गेलो होतो, तेही ट्रेन बदलायला.

ताबा मिळाला २००७ च्या ऑक्टोबरमध्ये. त्याच इमारतीत 'टू लेट'च्या इतक्या पाट्या होत्या की लांबून पताका लावल्यासारखं वाटावं. सगळ्यांनी एकाच सेमिनारमधून घेतलेले फ्लॅट, सगळे एकमेकांचं भाडं पाडतायत. सहा वर्षं दर महिन्याला पगारातून भर घातली आणि २०१३ मध्ये १,१८,००० ला विकला. बायकोने एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. असो.

एका अर्थाने मी वेळेत सुटलो. १४ जून २०१७ ला लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ माणसं गेली. त्यानंतर देशभरातल्या इमारतींचं क्लॅडिंग तपासायला सुरुवात झाली. ज्यांच्या भिंती संशयित ठरल्या तिथल्या फ्लॅटची किंमत बँकांचे सर्व्हेअर कागदावर चक्क शून्य लिहू लागले. लीजहोल्ड म्हणजे काय हे तेव्हा हजारो लोकांना कळलं. पैसे तुमचे, जबाबदारी तुमची, पण भिंत तुमची नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, ठीक आहे, तुम्ही वाईट सौदा केलात. आम्ही चांगला करू. म्हणून आता चांगल्या सौद्याबद्दल सांगतो.

रेडिंगमध्ये २००४ साली घेतलेलं आमचं पहिलं घर. टेरेस्ड, दोन बेडरूम, मागे रुमालाएवढी बाग. १,६२,००० ला घेतलं. दुसऱ्या मुलाच्या वेळी जागा अपुरी पडायला लागली तेव्हा मोठ्या घरात गेलो आणि हे भाड्याने दिलं. २०१८ मध्ये विकलं, २,८५,००० ला. चौदा वर्षांत सव्वा लाखाच्या जवळपास फायदा.

त्यासाठी मी काय केलं? एकदा बॉयलर बदलला आणि दोनदा रंग दिला. त्या काळात सरकारने ऐंशी-नव्वद कोटी पौंड खर्चून रेडिंगचं स्टेशन नव्याने उभारलं. ते २०१४ मध्ये पूर्ण झालं, आणि त्याच वर्षी क्रॉसरेल रेडिंगपर्यंत आणायचं जाहीर झालं. स्टेशनपासून पंधरा मिनिटांवरचं माझं घर बसल्या जागी महाग झालं. त्या स्टेशनात माझी एक वीट नाही. ते उभं राहिलं सगळ्यांच्या करातून, आणि त्यात माझ्या भाडेकरूचाही कर होता. स्टेशन झालं, मला फायदा झाला, आणि एजंटने पत्र पाठवलं: परिसरातले दर वाढलेत, भाडं पंचाहत्तर पौंडांनी वाढवू या. मी 'ओके' लिहिलं. म्हणजे त्या बाईने स्टेशनसाठी कर भरला आणि स्टेशन आलं म्हणून भाडंही जास्त भरलं. हे माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही.

ती बाई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. मूळ घराणं बार्बाडोसचं, रेडिंगमध्ये असे बरेच लोक आहेत. ती आणि तिची मुलगी. सहा वर्षांत एकदाही भाडं चुकलं नाही. मागच्या बागेत तिने टोमॅटो लावले होते. इन्स्पेक्शनला गेलो की एक पिशवी हातात द्यायची.

ऑस्बर्नसाहेबांच्या बदलानंतर माझं गणित बिघडलं आणि मी विकायचं ठरवलं. भाडेकरूसकट घर विकलं तर भाव कमी येतो, रिकामं हवं. एजंट म्हणाला, "नो प्रॉब्लेम, सेक्शन ट्वेंटी-वन देऊन टाकू." फेब्रुवारी २०१८ चा मध्य होता. दोन महिन्यांची नोटीस. एप्रिलच्या मध्यात घर खाली.

चार दिवसांनी तिचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, मुलीची जीसीएसईची परीक्षा मे-जूनमध्ये आहे, जूनअखेर राहू द्याल का? भाडं देतच राहीन.

मी म्हटलं, "एजंटशी बोला."

एवढंच. 'नाही' म्हणायचंही धैर्य नव्हतं. गिऱ्हाईक तयार होतं, त्याची वेळ गाठायची होती. शेजारणीने पुढे सांगितलं की त्यांना त्या भाड्यात रेडिंगमध्ये घर मिळालं नाही. न्यूबरीला गेल्या. पोरगी परीक्षेला ट्रेनने यायची.

माझ्या मुलाची दहावी पुण्यात असती आणि घरमालकाने मार्चमध्ये घर खाली करायला सांगितलं असतं, तर मी त्या माणसाचं सात पिढ्यांपर्यंत नाव काढलं असतं.

आता कायदा बघू. कायद्याशिवाय हा धंदा कळत नाही. आपल्याकडच्या १९४७ च्या बॉम्बे रेंट ॲक्टसारखेच भाडेकरूला धरून ठेवणारे कायदे इथेही होते. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८८ च्या हाउसिंग ॲक्टने ते नव्या भाडेकरूंसाठी मोडीत काढले. कलम २१ त्यातलंच: मुदत संपली की कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर. मग १९९६ साली एजंटांची संघटना आणि काही बँका यांनी मिळून 'बाय-टू-लेट' नावाचं कर्ज बाजारात आणलं. क्रम लक्षात घे. आधी भाडेकरू हलका केला, मग बँकेने कर्ज दिलं. भाडेकरूला हलवता येत नसतं, तर बँक असल्या घरावर इतक्या सहज पैसे देतीच ना. १९९८ अखेर असली कर्जं तीस हजारांच्या आत होती. २००७ अखेर दहा लाखांवर. आपण सेमिनारमध्ये ज्याला 'इन्व्हेस्टमेंट' म्हणत होतो, त्याच्या पायात भाडेकरूचं हे हलकेपण पुरलेलं होतं. आज इंग्लंडमध्ये सुमारे ४६ लाख कुटुंबं खाजगी भाड्याच्या घरात राहतात.

स्कॉटलंडने विनाकारण बाहेर काढणं नव्या भाडेकरारांसाठी डिसेंबर २०१७ मध्येच बंद केलं. इंग्लंडमध्ये रेंटर्स राइट्स ॲक्टवर ऑक्टोबर २०२५ मध्ये राजाची मोहोर उमटली, आणि १ मे २०२६ ही कलम २१ च्या अखेरची तारीख ठरली. नव्या नियमात घर विकायचं असेल तर चार महिन्यांची नोटीस, तीही भाडेकरूच्या पहिल्या वर्षात नाही. भाडं वर्षातून एकदाच वाढवायचं. फेब्रुवारीच्या मध्यापासून चार महिने मोज. जूनचा मध्य येतो. त्या मुलीची परीक्षा जवळजवळ संपली असती. हा कायदा आला तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'घरमालकांवर अन्याय' म्हणून जे चाललं होतं, ते मी मुकाट्याने वाचत होतो. काही लिहिलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आणि 'आपण' म्हणजे कोण, तेही जरा आठवू या.

पन्नास-साठच्या दशकात आलेल्या भारतीयांना आणि कॅरिबियन लोकांना इथे खोली मिळत नसे. खिडकीत पाट्या असत, काळ्यांना प्रवेश नाही म्हणून. घर देताना वर्णभेद करणं बेकायदा ठरलं ते १९६८ च्या रेस रिलेशन्स ॲक्टने. त्याआधी नॉटिंग हिलमध्ये कॅरिबियन लोकांना खोल्या देणारा पीटर रॅकमन होता. तो स्वतः पोलंडहून आलेला निर्वासित. पडक्या घरात माणसं कोंबून दामदुप्पट भाडं घ्यायचा. त्याच्या नावाने 'रॅकमनिझम' हा शब्द इंग्रजी डिक्शनरीत आहे. परका माणूस परक्याला लुबाडत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. साउथॉल-वुल्व्हरहॅम्प्टनच्या पंजाबी कामगारांनी तेव्हा पैसे जमवून घरं घेतली, ती भाड्याने कोणी ठेवून घेत नव्हतं म्हणून. त्यांचं घर म्हणजे डोक्यावरचं छप्पर होतं, पोर्टफोलिओ नव्हे.

आणि आपला सगळ्यात मोठा भाडेकरू? प्रिमरोझ हिलजवळ १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे राहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते. त्याच्या काही वर्षं आधी, परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा याच माणसाला जातीमुळे राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तर जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. लंडनमधलं ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये तीसेक लाख पौंडांना घेतलं. स्मारकाला शेजाऱ्यांचा आक्षेप आला, कॅमडन कौन्सिलने परवानगी नाकारली, आणि अखेर मार्च २०२० मध्ये ती मिळाली. आपण पाहुण्यांना तिथे घेऊन जातो, फोटो काढतो. लंडनमध्ये घर घ्यायला याहून चांगलं कारण मला तरी माहीत नाही.

आणि मग घरी येऊन जाहिरात टाकतो: 'प्रोफेशनल कपल, शक्यतो इंडियन, व्हेजिटेरियन प्रिफर्ड, लहान मुलं नकोत, बेनिफिटवाले नकोत.'

२०१७ मध्ये केंटमधल्या फर्गस विल्सन या शेकडो घरांच्या मालकाने एजंटला कळवलं की रंगीत कातडीचे भाडेकरू नकोत, ते गेल्यावर घराला करीचा वास राहतो. समानता आयोग कोर्टात गेला, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये मेडस्टनच्या कोर्टाने त्याला मनाई केली. तेव्हा आपण काय चवताळलो होतो! मीसुद्धा. २००१ मध्ये इथे आलो तेव्हा मलाही एका एजंटने 'क्रेडिट हिस्टरी नाही' म्हणून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं होतं आणि वर विचारलं होतं, फोडणी-बिडणी रोज असते का. पण 'बेनिफिटवाले नकोत' ही पाटीही भेदभावच आहे, असं यॉर्कच्या कोर्टाने जुलै २०२० मध्ये सांगितलं, तेव्हा कोणी चवताळलं नाही. त्या पाट्या आपल्याच होत्या ना.

कळस म्हणजे 'राइट टू रेंट'. फेब्रुवारी २०१६ पासून सगळ्या इंग्लंडमध्ये घरमालकाने भाडेकरूचा व्हिसा तपासायचा. चुकलं तर दंड, आता पहिल्या चुकीलाच माणशी १०,००० पौंडांपर्यंत. ज्या रांगेत आपण वर्षानुवर्षं कागद हातात धरून उभे होतो, त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कागद मागायचे. मी मागितले आहेत. हातात दुसऱ्याचा पासपोर्ट घेऊन उलटापालटा करताना माणूस जरा ताठ बसतो. ही गोष्ट कुठल्या सेमिनारमध्ये सांगत नाहीत.

तेव्हा, बाबा रे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

राहतं घर घेतलंयस, उत्तम. त्याचं कर्ज जमेल तितकं लवकर उतरव. कंपनी पेन्शनमध्ये जेवढे घालते तेवढे पूर्ण पदरात पाडून घे. तुझ्या पट्ट्यात पेन्शनमध्ये शंभर पौंड जायला तुझे साठच जातात. एवढी सूट कुठल्याही घरावर मिळणार नाही. त्यावर काही उरलं तर आयसामध्ये साधा इंडेक्स फंड. वर्षाला २०,००० ची मर्यादा आहे, तेवढे आधी भरून दाखव आणि मग माझ्याकडे ये. हे कंटाळवाणं आहे, गणपतीत सांगायला यात एकही कथा नाही. पण रात्री अकराला बॉयलर बंद पडल्याचा फोन येत नाही आणि कोणाच्या परीक्षेच्या आड तू येत नाहीस.

आणि तरीही घरमालक व्हायचंच असेल, तर धंदा म्हणून हो. घर आपल्या गावात घे, चालत जाता येईल असं. निम्मे पैसे स्वतःचे असल्याशिवाय घेऊ नकोस. दर वर्षी गॅसचं सर्टिफिकेट, पाच वर्षांनी विजेचं, डिपॉझिट सरकारमान्य स्कीममध्ये. हे सगळं एजंटवर न सोडता स्वतः बघ. समोर जो येईल त्याचं आडनाव, देश, ताट विचारू नकोस. आणि दहा वर्षं तो माणूस तिथेच राहणार असं धरून गणित कर. तसं धरून गणित बसत असेल तर खुशाल घे. माझं बसलं नव्हतं. मी ते तिच्याकडून बसवून घेतलं.

"काका, पण तुम्हाला तर फायदा झाला," असं तू म्हणशील. झाला. त्यातून टॅक्स गेला, लीड्सचा खड्डा भरला, वर थोडे उरले. स्वयंपाकघर नवीन केलं. त्याच्या खिडकीबाहेर बायकोने यंदा टोमॅटो लावलेत. चांगले आलेत. पिशवीभर निघाले परवा, आणि मला काही ते घेऊन शेजारी द्यायला जाववेना. तिनेच नेऊन दिले.